भूल द्यायला शिकायचं, पण घर कोण बघणार?

प्रिय ताई,

मी मूळची मिरजेची. बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यात तीन वर्षं आयसीयूत काम केलं आणि लग्नानंतर न्यू जर्सीला आले. बरीच वर्षं एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) घरी बसून काढली, मग एनक्लेक्स, म्हणजे इथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा दिली. गेली चार वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या सीव्हीआयसीयूत (हृदयाच्या अतिदक्षता विभागात) रात्रपाळी करते. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. वय ३६, मुलगा सात वर्षांचा.

ओपन हार्टचा पेशंट ओआरमधून (ऑपरेशन थिएटरमधून) आमच्याकडे येतो तेव्हा सोबत सीआरएनए, म्हणजे भूल देणारी नर्स असते. एका हाताने अँबू बॅग (श्वास द्यायची पिशवी) दाबत दोन मिनिटांत सगळा रिपोर्ट देते आणि जाते. तिला पाहिल्यापासून हे डोक्यात बसलंय. पण आता त्यासाठी डॉक्टरेट लागते. म्हणजे तीन वर्षं पगार नाही (मला सध्या वर्षाला ९५ हजार डॉलर मिळतात), वर कर्ज. नवरा म्हणतो, "तू ठरव, माझा पाठिंबा आहे." सासूबाई म्हणतात, नर्स कशी भूल देईल, ते डॉक्टरचं काम. मैत्रीण म्हणते, ऑनलाइन एनपी (नर्स प्रॅक्टिशनर, पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स) कर, नोकरी करता करता होईल. आई फोनवर विचारते, उद्या परत यायचं ठरलं तर त्या डिग्रीचं काय करणार? बी.एस्सी.ला मला ६१ टक्के होते. मला झेपेल का?

– रात्रपाळीवाली

मिरजेची म्हटल्यावर तुला अहो-जाहो करायचं माझ्या जिवावर येतं. मी पलीकडच्या जयसिंगपूरची, आणि इथे सीआरएनएच आहे. तेव्हा सरळ 'तू' म्हणते.

पत्रात तू धरून पाच जण बोलतायत. तुझं स्वतःचं वाक्य सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात छोटं. पण मला खटकलं ते तुझ्या नवऱ्याचं. त्याच्याकडे येते, आधी सासूबाईंचं बघू, कारण ते सोपं आहे.

सासूबाई त्यांच्या जागी बरोबर आहेत. आपल्याकडे भूल देतो तो एमबीबीएसनंतर एमडी किंवा डिप्लोमा केलेला भूलतज्ज्ञ डॉक्टर. इथली गोष्ट वेगळी, आणि ती आजची नाही. एकोणिसाव्या शतकात इथे क्लोरोफॉर्म-ईथर धरायला शिकाऊ डॉक्टरला उभं करायचे आणि त्याचं अर्धं लक्ष सर्जनच्या सुरीकडे असायचं. पेशंट दगावायचे. मग सर्जननीच या कामासाठी नर्सेस तयार करायला सुरुवात केली. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मॅगॉ या नर्सने १९०६ साली आपल्या चौदा हजारांवर भुलींचा हिशेब छापून मांडला, आणि त्यात भुलीमुळे झालेला मृत्यू एकही नव्हता. पुढे डॉक्टरांनी कोर्टात खेचलंच. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सर्जनच्या देखरेखीखाली नर्सने भूल देणं बेकायदा नाही. आता देखरेख किती आणि कोणाची, ते राज्यागणिक बदलतं. २००१ पासून गव्हर्नरला मेडिकेअरची (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची) डॉक्टरी देखरेखीची अट आपल्या राज्यापुरती उठवता येते. आयोवाने ती सगळ्यात आधी उठवली. एवढं सासूबाईंना चहाच्या वेळी सांगितलंस तरी पुरे. त्या मान डोलावतील आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणतील. माझ्या सासूबाई अजून मला "ऑपरेशनच्या डॉक्टरांना मदत करते" म्हणून ओळख करून देतात. सवय झाली.

आता डॉक्टरेट. या शब्दाने उगाच घाबरू नकोस. आपल्याकडे डॉक्टरेट म्हटलं की सात-आठ वर्षं गाइडच्या दारात बसलेला माणूस डोळ्यासमोर येतो. ही तशी नाही. ती पीएचडी नाही, कामाची डॉक्टरेट आहे. डीएनपी किंवा डीएनएपी, शाळेप्रमाणे नाव बदलतं, परवाना एकच. १ जानेवारी २०२२ पासून या शिक्षणात नवीन प्रवेश फक्त डॉक्टरेटलाच मिळतो, आणि ती किमान ३६ महिन्यांची असते. मी केलं तेव्हा मास्टर्स होती, २७ महिन्यांत बाहेर पडले. खरं सांगू? वाढलेल्या महिन्यांत भूल जास्त शिकवतात की पेपर जास्त लिहून घेतात, याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थिनी रात्री अकराला प्रोजेक्टच्या स्लाइड्स करत बसतात आणि पहाटे पाचला ओआरमध्ये मशीन तपासायला हजर. तो प्रोजेक्ट म्हणजे साधारण असा: ऑपरेशननंतर रिकव्हरी रूममध्ये पेशंटना फार मळमळतं, तर आधीच धोका ओळखून औषध देण्याची पद्धत बसवायची आणि फरक पडला का ते मोजायचं. तुझ्या युनिटमध्ये असं काहीतरी तू आधीच केलं असशील, फक्त त्याला नाव दिलं नसशील.

खरं वजन बाकीच्या गोष्टींचं आहे. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी वर्गातलं: शरीरक्रिया, औषधशास्त्र, आणि जिच्याशी बारावीनंतर आपण संबंध तोडलेला असतो ती केमिस्ट्री-फिजिक्स. सिलिंडरमधला वायू कसा वागतो, बारीक नळीतून रक्त हळू का जातं, हे सगळं परत. मग क्लिनिकल. किमान २,००० तास आणि सहाशेच्या वर केसेस, त्यात लहान मुलं, बाळंतिणी, हृदय, मेंदू, पाठीतली भूल, सगळ्याचे कोटे ठरलेले. शेवटी राष्ट्रीय परीक्षा, जी तुझ्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न अवघड किंवा सोपा करत जाते. एनक्लेक्स दिलीस, तेव्हा ती जात तुला माहीत आहे.

६१ टक्क्यांचं म्हणशील तर ते कागदावर मूल्यांकन होऊन येऊ दे, मग रड. भारतातल्या नर्सिंगच्या टक्क्यांचं इथल्या जीपीएत (४ पैकी सरासरी गुणांत) रूपांतर होतं तेव्हा पुष्कळदा आपल्या समजुतीपेक्षा बरं निघतं. किमान ३.० बहुतेक शाळा मागतात, प्रत्यक्षात निवडलेल्यांचा त्याहून जास्त असतो. कमी पडलं तर एखाद्या कॉलेजात केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स आणि पदव्युत्तर पातळीचं औषधशास्त्र घे आणि त्यात ए काढ. समितीला १५ वर्षांपूर्वीच्या मार्कांपेक्षा मागच्या वर्षीचा ए जास्त पटतो. शिवाय काही शाळांना विज्ञानाचे विषय जुने झालेले चालतच नाहीत, तेव्हा ते तसंही करावं लागेल. विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट मात्र आजच मागव. माझी यायला इतके महिने लागले की एका शाळेची मुदत टळून गेली, आणि त्या एका लिफाफ्यापायी माझं वर्ष गेलं.

अनुभवाची अट किमान एक वर्ष क्रिटिकल केअर, तुझी चार वर्षं सीव्हीआयसीयू. त्यात तू कुणाच्या मागे नाहीस. सीसीआरएन (क्रिटिकल केअर नर्सची प्रमाणपत्र परीक्षा) झाली नसेल तर ती आधी दे. काही शाळांना लागतेच, आणि नाही लागली तरी त्या अभ्यासाने मुलाखत निम्मी होते.

मुलाखतीबद्दल एक गोष्ट आपल्या मुलींना सांगावीच लागते. तिथे विचारतात, तुझ्या पेशंटचं प्रेशर नॉरएपिनेफ्रिन (प्रेशर वाढवणारं औषध) वाढवूनही पडतंय, काय करशील? मी इतक्या मराठी मुलींची तयारी घेतली, प्रत्येक जण सुरू करते, "आम्ही डॉक्टरांना कळवलं, मग आम्ही व्हॅसोप्रेसिन लावलं..." आम्ही! घरात, शाळेत, वॉर्डात आपल्याला 'मी मी करू नये' असंच शिकवलेलं असतं. समोरच्या समितीला त्यातून कळतं एवढंच की ही बाई दुसऱ्याच्या मागे उभी होती. "मी एको मागवला, कारण मला टॅम्पोनाडची शंका आली" (म्हणजे हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं जातंय) असं म्हणायला शीक. आरशासमोर म्हण, नवऱ्यासमोर म्हण. आणि एखादं उत्तर आलं नाही तर स्वच्छ सांग की हे मला माहीत नाही, मी इथे शोधीन. थापा मारणाऱ्याला ते लोक लगेच ओळखतात, कारण भुलीच्या टेबलावर थापाड्या माणूस कुणालाच नको असतो.

मैत्रिणीचं एनपी. चांगला रस्ता आहे, हिणवू नकोस. वर्ग बरेच ऑनलाइन, नोकरी थोडीफार चालू ठेवता येते, संध्याकाळी घरी. पण ते काम वेगळं. तुला दवाखान्यात बसून मधुमेहाच्या पेशंटशी वीस मिनिटं बोलायला आवडतं का? आवडत असेल तर एनपीच कर आणि माझा लेख इथेच सोड. तुझ्या पत्रात मात्र अँबू बॅगवरचा हात आहे, दोन मिनिटांचा रिपोर्ट आहे. मैत्रिणीच्या पत्रात तो नसता.

आईचा प्रश्न सगळ्यात शहाणा आहे आणि त्याचं उत्तर कडू आहे. भारतात या डिग्रीवर भूल देता येणार नाही. तिथे नर्स अनेस्थेटिस्ट असं पदच नाही. भारतीय नर्सिंग परिषदेने क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणलाय, पण भूल डॉक्टरांकडेच आहे. परत गेलीस तर शिकवशील, आयसीयू चालवशील, पण हे हातातलं काम सुटेल. म्हणून "पाच वर्षांनी परत जाऊ" असं घरात अधूनमधून बोललं जात असेल, तर ते आधी खरं की खोटं ठरवा. आपल्या लोकांत ते वाक्य पंधरा-पंधरा वर्षं दिवाणखान्यात पडून असतं, तसं ठेवून कर्ज काढू नका.

कर्जावर आले, तर हिशेब मांडू. तुझा तीन वर्षांचा बुडालेला पगार २ लाख ८५ हजार. फी शाळेप्रमाणे फार बदलते. एक लाखाच्या वर सहज जाते आणि काही खासगी शाळांत दोन लाखांच्या आसपास पोचते. मधली दीड लाख धरू. म्हणजे ४ लाख ३५ हजार, व्याज वेगळं. दुसऱ्या बाजूला, सरकारी आकड्यांत नर्स अनेस्थेटिस्टचा मध्यम पगार वर्षाला २ लाख डॉलरच्या वर आहे. कर कापून आजच्यापेक्षा सत्तर-ऐंशी हजार जास्त हाती येतील असं धरलं, तर खड्डा भरायला पाच-सहा वर्षं. अर्ज, प्रवेश धरून तू ३८व्या वर्षी आत जाशील, ४१व्या वर्षी बाहेर, आणि ४७च्या आतबाहेर बरोबरीला येशील. त्यापुढची वीस वर्षं नफ्याची. वाईट सौदा नाही, पण पैसा लगेच दिसेल म्हणून यात पडणार असशील तर पडू नकोस.

कर्जाचे नियम नुकतेच बदललेत, ते नीट बघ. पूर्वी सगळा खर्च भागवणारं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १ लाख. 'व्यावसायिक' पदव्यांना वर्षाला ५० हजारांची मर्यादा आहे, पण नर्सिंग कुठल्या गटात यावरून नर्सिंग संघटनांनी बराच आवाज उठवला. तुझ्या यादीतल्या प्रत्येक शाळेच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल टाक आणि उत्तर लेखी घे. उरलेली रक्कम खासगी कर्जातून, म्हणजे नवऱ्याच्या सहीने. (वाचकांत ज्या अजून एच-फोरवर आहेत त्यांना: सरकारी कर्ज तुम्हाला मिळत नाही, खासगीला बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन लागतो, आणि काही शाळा ग्रीन कार्डाशिवाय अर्जच घेत नाहीत. आधी ते विचारा, फी भरून मग नको.)

आणि आता नवरा. "तू ठरव, माझा पाठिंबा आहे." ऐकायला किती छान. माझाही असंच म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. पहिल्या सहामाहीत एका गुरुवारी मुलीला १०२ ताप आला. माझी सकाळी औषधशास्त्राची परीक्षा, त्याचं ऑफिसात काहीतरी लाँच. रात्री साडेदहाला आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून आवाज न चढवता भांडलो, कारण मूल झोपलं होतं. परीक्षेला मी गेले आणि नापास झाले. पाठिंबा होता, पण पाठिंब्याला वेळापत्रक नव्हतं. भूल देणारी बाई पहाटे पावणेपाचला घर सोडते. मुलाचा डबा कोण भरणार? शाळेची बस चुकली तर कोण नेणार? क्लिनिकलसाठी कधी कधी दोन तास लांबच्या हॉस्पिटलला महिनाभर राहावं लागतं, तेव्हा रात्री कोण? ऑन-कॉलच्या रात्री? तू आज रात्रपाळी करतेस म्हणजे दिवसा घरात असतेस, झोपलेली का होईना. तो आधार जाणार. बहुतेक शाळा शिक्षण चालू असताना नोकरी करू नका असंच सांगतात, म्हणून "एखादी शिफ्ट करीन" हेही हिशेबात धरू नकोस.

तेव्हा एक रविवार घ्या, जेवणाच्या टेबलावर कॅलेंडर ठेवा आणि ३६ महिने लिहून काढा. त्याच्या हस्ताक्षरात, तुझ्या नको. आणि ते आजी-आजोबांच्या जिवावर उभं करू नका. आपल्याकडे ठरलेलं असतं, सहा महिने तुझे आई-बाबा, सहा महिने सासू-सासरे, मग परत. व्हिजिटर व्हिसा बेबीसिटिंगसाठी नसतो, विमानतळावरचा अधिकारी किती महिन्यांचा शिक्का मारेल ते त्याच्या हातात, आणि सत्तरीच्या माणसाचं गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तुझ्या फायनलच्या आठवड्यात निघतं. ते आले तर आनंद. खर्चाच्या यादीत आफ्टरकेअर आणि पगारी मदतनीस हवीच.

या सगळ्याआधी एक दिवस ओआरमध्ये घालव. जी सीआरएनए तुला पेशंट सोपवून जाते तिलाच विचार, मला एक दिवस मागे उभी राहू देशील का? शाळा शॅडोइंगचे तास मागतात म्हणून नव्हे, तुझ्यासाठी. आयसीयूत तू चार तास एका ड्रिपशी खेळतेस, पण ऑर्डर दुसऱ्याची असते. इथे औषध तू ठरवणार, तू सिरिंजमध्ये ओढणार, तू देणार, आणि तीस सेकंदांत माणूस श्वास थांबवणार. तो क्षण बघून तुझ्या पोटात काय होतं, ते मला इथे बसून सांगता येत नाही.

माझा पहिला पेशंट हर्नियाचा, धिप्पाड दाढीवाला माणूस. प्रोपोफॉल, म्हणजे भुलीचं औषध, गेलं, डोळे मिटले, श्वास थांबला, आणि मी मास्क धरला. अंगठा आणि तर्जनीचा इंग्रजी सी मास्कवर, उरलेल्या तीन बोटांचा ई जबड्याच्या हाडावर. बोटं हाडावरच ठेवायची, खालच्या मऊ भागावर दाबली तर तूच त्याचा श्वास अडवतेस. दाढीतून हवा निसटत होती. तिसऱ्या मिनिटाला माझ्या अंगठ्याच्या मुळाशी अशी आग उठली की हात थरथरायला लागला. मग श्वासाची ट्यूब टाकली. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची रेघ सपाट. अन्ननलिकेत गेली होती. प्रिसेप्टर, म्हणजे मला शिकवणारी सीनियर, ओरडली नाही. म्हणाली, "काढ. मास्क. श्वास दे. आता परत बघ." दुसऱ्यांदा रेघ वर उठली, चौकोनी, टप्प्याटप्प्याने, आणि मला त्या दाढीवाल्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगू. तो दुपारी घरी गेला. त्याला यातलं काही माहीत नाही.

जाशील तेव्हा स्क्रबच्या आत लांब बाह्यांचा गरम बनियन घाल, ओआरमध्ये गारठतं. पोटभर खाऊन जा, दुपारी कुणी विचारणार नाही. ट्यूब टाकतानाचा उजवा हात सगळेच बघतात. तू मास्क धरलेला डावा हात बघ, आणि घरी आल्यावर मला लिही.

– तुझी ताई